दोन सुया

५ फेब्रुवारी, सोमवार

बत्तीस उंदीर. चार गट, प्रत्येकी आठ. सकाळी सगळ्यांना जिवाणूंचं विष टोचलं – सेप्सिसमध्ये माणसाला होतो तसा अंगभर दाह व्हावा म्हणून. तासाभराने उपचार. पहिल्या गटाला नुसतं सलाईन, दुसऱ्याला एक औषध, तिसऱ्याला दुसरं. चौथ्याला दोन्ही, म्हणून त्यांना दोन सुया. बाकीच्यांना एक. विष एकदाच, उपचार तीन दिवस.

बाकीच्यांना उगाच दुसरी सुई कशाला, हा मुद्दा माझा. नीतिसमितीला आवडला होता.

६ फेब्रुवारी

सगळे कोपऱ्यात गोळा होऊन बसलेत. केस उभे. विष लागू पडलंय.

पिंजरे धुणाऱ्या सखूबाई नेऱ्याहून येतात. चौथ्या गटाकडे बघून म्हणाल्या, ‘यांनी काय जास्तीचा गुन्हा केलाय गो?’ औषध आहे, म्हटलं. ‘औषध सगल्यांनाच हाय. यांनाच दोनदा टोचतेस.’

मी पुढची सुई भरली.

८ फेब्रुवारी

सलाईनवाले तीन उरले. चौथा गट – आठ!

१० फेब्रुवारी

शेवटची मोजणी. सलाईन – दोन. एकेक औषध – तीन आणि तीन. दोन्ही औषधं – सात. सात!! चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी चाललं. सर म्हणाले, ‘मुबीना, प्रबंध झाला समज. पेपर याच महिन्यात पाठवू.’

घरी सांगितलं. अम्मी: ‘उंदीर जगले म्हणून पेढे वाटू? मोहल्ल्यात काय सांगू?’

१३ फेब्रुवारी

पेपरसाठी फोटो हवे होते. संध्याकाळी गेले. चौथ्या गटाच्या पिंजऱ्यात, तळाशी, ओला लगदा.

खाद्य कडक असतं, वर जाळीत. उभं राहून कुरतडावं लागतं. हे भिजवलेलं, तोंडाशी ठेवलेलं.

‘मीच ठेवते,’ सखूबाई म्हणाल्या. ‘पयल्या दिसापासून. सकाळी तू यायच्या आत साफ करते. आजाऱ्याला उभं राहून खाववतं काय?’

‘सगळ्यांना?’

‘नाय. दोन सुयावाल्यांनाच. त्यांचे हाल जास्ती.’

म्हणजे सात उंदीर औषधाने जगले की लगद्याने, सांगता येत नाही. सगळ्यांना दोन सुया दिल्या असत्या तर सखूबाईंना निवड करताच आली नसती.

१४ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं.

‘हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे?’

‘सखूबाईंना.’

‘त्यांना काढून टाकू.’

‘आराखडा माझा होता, सर.’

पेपर थांबला. प्रयोग पुन्हा. प्रबंध सहा महिने पुढे. नीतिसमितीला दिलेल्या अहवालात सखूबाईंचं नाव नाही.

अम्मीला अजून सांगितलेलं नाही. तिने पेढे वाटले.

१५ एप्रिल

नवे बत्तीस. सगळ्यांना दोन सुया – औषध नसेल तिथे सलाईन. सगळ्यांना भिजवलेलं खाद्य. सखूबाईंनी स्वतः कालवलं. ‘आता कसं!’

२० एप्रिल

दोन्ही औषधं – सात.

नुसतं सलाईन – सात.