फोटोवाला डान्स

प्रिय पप्पा,

आधी घडलं ते जसंच्या तसं सांगते.

१. रविवारी यवतमाळच्या नृत्यस्पर्धेत माझ्या गटाला पहिलं बक्षीस मिळालं. नाच तोच, कापसाच्या जिनिंग मिलमधल्या कामगार बायकांचा, तुम्ही तालमीत पाहिलेला.
२. नाचाच्या मध्यावर मागच्या पडद्यावर तुमचा हार घातलेला फोटो आला.
३. निवेदक म्हणाला, अशाच मिलमध्ये राबलेल्या आणि गेल्या महिन्यात गेलेल्या वडिलांना मुलीची ही श्रद्धांजली.
४. एका परीक्षकांनी डोळे पुसले. लोक उभे राहिले.
५. फोटो मी दिला होता. निवेदकाचं वाक्यही मीच लिहून दिलं होतं.

पाचवा मुद्दा मी कुणालाच सांगितलेला नाही, म्हणून हे पत्र.

टीव्हीवरचे नाचाचे कार्यक्रम आठवतात ना? स्पर्धकाचं घर, आजारी आजी आणि उदास संगीत सुरू झालं की तुम्ही ओरडायचात, "पाह्य पनू, आता फोटो येते!" आणि फोटो यायचाच. "अरे, मी नाच पाहाले बसलो, मयतीले नाही!" म्हणत तुम्ही पाणी प्यायला उठायचात. मी किती हसायचे! रविवारी तुम्ही समोर असतात तर नेमके कधी उठला असतात, ते मला माहीत आहे.

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून, पुण्याची नोकरी सोडून मी दिग्रसला शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत नाच शिकवू लागले. "पोरगी काय करते?" कुणी विचारलं, की तुम्ही, मिलमधले फिटर, म्हणायचात, "मशीनी सोडल्या, आता माणसं फिरवते." ही थट्टा होती की कौतुक? सांगितलं का नाहीत कधी?

माझ्या नाचाबद्दल एकदाच स्पष्ट बोललात, त्या तालमीत. "सुरुवात झकास. शेवटही झकास. मधात झोप येते, बाई." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. जरा गोड करून नसतं सांगता आलं?

पण तुमचं बरोबर होतं. ते मलाही दिसत होतं. मुली तो भाग पुन्हा बसवायला तयार होत्या. मलाच काही सुचत नव्हतं. मग जिथे झोप येत होती, नेमका तिथेच मी तुमचा फोटो लावला. आता कोण झोपणार?

आई पहिल्या रांगेत होती. परतीच्या एसटीत एवढंच म्हणाली, "तो फोटो मी भितीवर लावाले मोठा केलता. मले इचारलं तरी असतं." ट्रॉफी माझ्या मांडीवर होती. ती मी पिशवीत घातली.

पहिलं कोण आलं, पप्पा? नाच की तुम्ही? हे मला कधीच कळणार नाही. आणि ते कळू नये अशी व्यवस्था मीच केली.

काल पांढरकवड्याच्या एका आयोजकांचा फोन आला. "मॅडम, तोच पाहिजे, फोटोवाला डान्स. आपली स्क्रीन तर याहून मोठी आहे!" तो झाला की तिकडच्या शाळांची वर्षभराची कामंही देतो म्हणाले. कोरिओग्राफर म्हणून एवढं काम मला अजून कुणी देऊ केलेलं नाही. मी म्हटलं, "कळवते." "नाही" म्हटलं नाही. रविवारपेक्षा याचीच लाज जास्त वाटते.

तुमचा फोटो घरातल्या भिंतीवर राहील. रंगमंचावर पुन्हा येणार नाही, हे वचन. शुक्रवारी सकाळी त्यांना तसं सांगेन. काम गेलं तर जाईल.

मधला भाग आजपासून नव्याने बसवते आहे. मशीन बंद पडते आणि मुली एकमेकींच्या केसांत अडकलेली कापसाची रुई काढत बसतात. अजून एवढंच सुचलंय. झोप येते का, ते गुरुवारपर्यंत कळवा.

तुमची,
पनू