दोन घरांत वाटलेली जीप

मी, भुजंग कडूबा फदाट, धंदा लष्कराच्या जुन्या जीपगाड्या व त्यांचे सुटे भाग यांची खरेदी-विक्री, राहणार टेंभुर्णी, तालुका जाफराबाद, जिल्हा जालना, आज कोणाच्याही दबावाखाली नसताना, पोटभर जेवून आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर होतं का, अशी शंका पुढं कोणी काढलीच, तर गेल्या सोमवारी माझ्याकडून गिअरबॉक्स घेऊन गेलेल्या देऊळगावच्या गिऱ्हाइकाला साक्षीला बोलवावं. माझं डोकं किती ठिकाणावर आहे ते त्याला चांगलं कळलेलं आहे.

वकील अण्णासाहेब यांनी एक मसुदा करून दिला होता. मसुदा चांगला होता, पण तो जिल्ह्यातल्या कोणाच्याही नावावर खपला असता. म्हणून कायद्याची भाषा त्यांची ठेवली आणि मजकूर माझा घातला.

कलम १. टेंभुर्णीचं राहतं घर माझी पत्नी नंदाबाई हिला. तिच्या हयातीत तिला कोणी "आई, आता तू एकटी कशाला राहतीस, आमच्याकडं चल," असं गोड बोलून घराला कुलूप लावू नये. हा इशारा माझा मुलगा काकासाहेब याला आहे.

कलम २. शेत काकासाहेब आणि मुलगी शिवकन्या यांना निम्मं निम्मं. काकासाहेब जालन्यात बियाण्याच्या कंपनीत आहे. कापूस कसा लावावा हे तो गावोगाव शेतकऱ्यांना समजावून सांगतो. आता स्वतः एकदा लावून बघावा. रक्षाबंधनाला बहिणीकडं जाताना त्याने हक्कसोडीचा कागद खिशात घालून जाऊ नये. शिवकन्येनं सही केलीच, तर ती राखीच्या धाग्यात गुंतून झाली असं समजावं आणि कोर्टानं ती मानू नये.

कलम ३. माझी सगळी हत्यारं, म्हणजे पाने, जॅक, चेन-कप्पी आणि जे काही कुलपात आहे ते, शिवकन्येला. ती लहानपणापासून माझ्या हाताखाली काळी झाली. तिच्या लग्नात नखातलं ग्रीस हळदीनंसुद्धा निघालं नव्हतं. काकासाहेबानं मात्र आजवर पंक्चरसुद्धा काढलेलं नाही; हे त्याला दुखवायला नाही, नोंद म्हणून लिहितो.

कलम ४. जालना रोडवरचं आवार आणि त्यातला माल दोघा भावंडांचा. हा धंदा कसा उभा राहिला ते इथंच लिहितो, म्हणजे वारसांनी तो प्लॉट पाडून विकताना निदान थोडी लाज बाळगावी.

सन १९८१ साली मी आणि माझा मेहुणा सर्जेराव, म्हणजे नंदाबाईचा धाकटा भाऊ, आम्ही दोघांनी आपापली बैलजोडी विकली आणि लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाड्यांच्या लिलावाला गेलो. आमच्या भागात तेव्हा एसटी दिवसाकाठी एकदा तोंड दाखवायची. जीप असली तर माणसं बसतील, एवढाच हिशोब होता. लिलावात एकेक गाडी देत नाहीत, ढीग देतात, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. मग ढीगच घेतला. ट्रकमध्ये घालून आणला आणि अंगणात उतरवला. नंदाबाई बाहेर आली, ढिगाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "बैल इकून हे आणलं? याला वैरण काय घालायची?"

"आक्का, ह्ये वैरण खात न्हाई. पेट्रोल पितंय," सर्जेराव म्हणाला.

"मंग नांगराला तुम्ही दोघं जुंपून घ्या."

त्या ढिगातून पहिली उभी राहिली ती हिरवी विलीज. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वेळची जीप, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली. चालवणाऱ्याच्या बुडाखालीच पेट्रोलची टाकी. पुढची काच बॉनेटवर आडवी पडायची, आणि दिवे उलटे फिरवले की उजेड इंजिनावर पडायचा. उरलेल्या ढिगातून आम्ही कुठं धड, कुठं मुंडकं जोडत गाड्या बनवल्या आणि विकल्या. नंतर दरवर्षी लिलावाला जाऊ लागलो. भोकरदन, सिल्लोड, चिखलीपर्यंत तमाशाच्या फडात, लग्नात, प्रचारात आमच्या जीपा पळाल्या.

प्रचारातल्या एका गाडीबद्दल खुलासा करणं जरूर आहे. ती जीप आम्ही एका पुढाऱ्याला विकली, तो निवडून आला. पुढच्या खेपेला परत घेऊन, दुसरा रंग मारून त्याच्या विरोधकाला विकली, तोही निवडून आला. गाडी पायगुणाची आहे अशी हवा झाली, आणि तिसऱ्यानं ती चढ्या भावात नेली. तो पडला. त्याच्या पडण्याला मी जबाबदार नाही आणि माझ्या वारसांनीही जबाबदारी घेऊ नये. पायगुणाची हवा कोणी केली, हे सर्जेरावाला विचारावं.

कलम ५. हिरव्या जीपबाबत. हे कलम काळजीपूर्वक वाचावं.

ही गाडी आम्ही विकायची नाही असं ठरलं होतं. ती चालवायला नंदाबाई आपली आपणच शिकली. मी शिकवायला बसलो की ती म्हणायची, "तुम्ही उतरा खाली, गाडी बिचकून राह्यली." एकदा आम्ही दोघं पुरुष लिलावाला गेल्तो आणि इकडं सर्जेरावाची बायको मालनबाई अडली. ओढ्याला पाणी आल्तं. एसटी अलीकडच्या काठावर उभी होती आणि ड्रायव्हर विडी ओढत होता. नंदाबाईनं मालनला मागं निजवलं, चारही चाकांचा जोर लावला आणि गाडी पाण्यात घातली. जाफराबादला पोचली तेव्हा ती स्वतः कमरेपर्यंत ओली होती. मालन सुटली, मुलगा झाला. दोघं खुशाल आहेत.

आणि ह्याच गाडीचा इसार सर्जेरावानं घेतला! १९८८ साल. पुण्याचा एक शौकीन माणूस आल्ता, त्याला जुन्या लष्करी गाड्यांचा नाद. मी गावात नव्हतो. सर्जेरावानं मला न विचारता सौदा केला. मी आलो आणि इसार परत पाठवला. तिथून भांडण लागलं.

"ज्या गाडीनं तुझी बायको वाचली, ती इकतो?" मी म्हणालो.

"बायको आक्कानं वाचवली, गाडीनं न्हाई. लोखंड हाये, दाजी. भाव आला की इकावं. निम्मी गाडी माझी हाये."

"मंग निम्मी घेऊन जा!"

माणूस रागात काय काय बोलतो. समजदार मेहुण्यानं ते सोडून द्यायचं असतं. सर्जेराव दुसऱ्या दिवशी सकाळी चेन-कप्पी घेऊन आला, भर अंगणात माझ्यादेखत इंजिन आणि गिअरबॉक्स खोलला, बैलगाडीत घातला आणि घेऊन गेला. जाताना म्हणाला, "बराबर निम्मी." मी जाहीर केलं की या घरातलं माणूस त्याच्या घराचा उंबरा चढणार नाही. या भांडणात चूक पूर्णपणे सर्जेरावाची होती, हे मी इथं कायदेशीरपणे नमूद करून ठेवतो.

इंजिन त्याने पिठाच्या गिरणीला जोडलं. लाइट गेली की गावातल्या बाकीच्या गिरण्या बंद पडायच्या, त्याची चालायची. माझा सांगाडा अंगणात, त्यात कोंबड्या. येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सांगायचो, इंजिनाशिवाय न्हाई विकायची. तिकडं तो सांगायचा, सांगाड्याशिवाय न्हाई द्यायचं. असं बारा-तेरा वर्षं चाललं.

त्या काळात मी सर्जेरावाच्या घरचं पाणीसुद्धा प्यालो नाही. पीठ मात्र त्याच्याच गिरणीचं खाल्लं, हे मला फार उशिरा कळलं. नंदाबाई दर आठवड्याला दळण डोक्यावर घेऊन तिथंच जायची. बहीणभाऊ चक्कीच्या आवाजात बसून बोलायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही उंबरा म्हणल्ते. गिरणीला कुठं उंबरा हाये?"

कलम ६. जालन्याचा सुट्या भागांचा दलाल रामकिसन याला मी काही ठेवत नाही. त्याने ते आधीच नेलेलं आहे. कसं ते सांगतो.

सन २००१ च्या उन्हाळ्यात रामकिसन माझ्याकडं आला. म्हणाला, "भुजंगराव, पुण्याचं गिऱ्हाईक हाये. नुसता सांगाडा बी चालतो."

मी म्हणालो, "इंजिनाचं काय?"

"ते त्याला दुसरीकडून भेटतंय. सर्जेरावाचं नगं म्हणतो."

हे ऐकून माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. सांगाडा पुण्याला गेला की सर्जेरावाचं इंजिन जन्मभर ज्वारीच दळणार! मी कोंबड्या हाकलल्या आणि सांगाडा देऊन टाकला. रामकिसन इथून निघाला तो सरळ गिरणीवर गेला, आणि तिथंही त्याने हीच गोष्ट उलटी करून सांगितली. सर्जेरावाला माझ्यापेक्षा जास्त गुदगुल्या झाल्या असाव्यात, कारण त्याने घासाघीसही केली नाही. नवं डिझेल इंजिन त्याने आदल्याच महिन्यात आणलं होतं. दलाली रामकिसननं दोघांकडूनही घेतली. पुढं चारेक आठवडे मी गावातून मिशीवर ताव देत फिरलो. सर्जेरावही फिरत होता. आम्ही एकमेकांकडं बघून हसायचो, आणि दोघांनाही वाटायचं की समोरच्याला अजून पत्ता नाही.

त्यातच नंदाबाई "शिवकन्येकडं जाऊन येते" म्हणून जालन्याला गेली. शिवकन्येचा नवरा एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये आहे, त्यांच्या घरामागं मोकळी जागा आहे. नंदाबाईची दुभती म्हैस गोठ्यात दिसेना, तर ती म्हणाली होती की नातवंडांना दूध व्हावं म्हणून लेकीकडं पाठवली. मी जास्त चौकशी केली नाही. म्हशीत मला गम्य नाही.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी मी आवारात बसलो होतो. जालन्याकडून एक आवाज आला. त्या इंजिनाचा आवाज मी झोपेत ओळखीन. रस्त्यावर आलो तर हिरवी विलीज. काच आडवी पाडलेली, नवा रंग. डोक्यावर पदर घट्ट बांधून नंदाबाई चालवून राह्यली, शेजारी शिवकन्या हसून हसून बेजार. गाडी माझ्यासमोर थांबली नाही. तशीच गिरणीवर गेली. सर्जेराव पिठानं पांढरा झालेला बाहेर आला आणि तोंड उघडं ठेवून उभा राहिला. मीही मागून पळत पोचलो.

"ही तर पुण्याला गेल्ती!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो. बारा वर्षांत एकत्र बोललेलं ते पहिलं वाक्य.

नंदाबाई म्हणाली, "पुण्याला कशाला जाती? म्हैस इकून घेतली मी. सर्जाकडून निम्मी, तुमच्याकडून निम्मी. पोरीनं मिस्तरी लावून जोडली." मग आत हाक मारली, "मालन, ये. बस."

मालनबाई हात पुसत आली आणि बसली. आम्हा दोघांना कोणी बस म्हणालं नाही.

कलम ७. अशा रीतीनं सदर हिरवी जीप माझ्या मिळकतीत येत नाही. तिचे कागद नंदाबाई भुजंग फदाट या नावावर आहेत. काकासाहेबानं ती माझी समजून वाटणीत धरू नये, आणि माझी होती असं आठवून रडूही नये. मी दोन वेळा मागून पाहिली आहे. "बघू" असं उत्तर मिळालं.

कलम ८. सर्जेरावाबाबत. जीप आली तरी आमचं बोलणं लगेच सुरू झालं नव्हतं. मी माझा शब्द मागं घ्यायला तयार नव्हतो आणि तो चेन-कप्पी आणल्याबद्दल माफी मागायला. पुढच्या वर्षी रामनवमीला नंदाबाई गावातल्या बायका गाडीत घालून जांब समर्थला दर्शनाला निघाली. जाताना मला म्हणाली, "तुमचा डबा गिरणीवर ठेवलाय."

"माझा डबा गिरणीवर कशाला?"

"मालन बी माझ्यासंगं येऊन राह्यली. दोघांचा एकच बांधला." आणि क्लच सोडला.

मी दुपारपर्यंत तग धरला. मग गेलो. गिरणीला उंबरा नाही, हे मी नीट बघून घेतलं. सर्जेराव डब्याजवळ बसला होता. त्याने डबा उघडला नव्हता. दोघांना एक डबा, भाकरी एकीवर एक, ठेचा एकाच कोपऱ्यात. खाता खाता त्याचे केस पिठानं पांढरे नाहीत, खरेच पिकलेत, असं मला दिसलं. त्यालाही माझ्यात काहीतरी दिसलं असावं, कारण तो माझ्याकडं पाहून लगेच खाली बघायला लागला.

भाकरीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "दाजी, ठेचा जरा जास्तच झाला."

"तुझ्या बहिणीचा हात हाये."

"आपल्याला रडवायलाच घातला असंल."

आम्ही दोघांनी डोळे पुसले. ठेचा खरंच तिखट होता, हे इथं नमूद करतो.

तर सर्जेरावाला मी या मृत्युपत्रानं काहीही देत नाही. कारण अण्णासाहेब सांगतात की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, आणि साक्षीदार मला सर्जेरावच पाहिजे. मी मेल्यावर माझ्याबद्दल खोटं कोण बोलतंय, हे ओळखणारा तो एकटाच माणूस आहे.

कलम ९. माझ्या तेराव्याला भाषणं करू नयेत. पंगत चालू असताना गिऱ्हाईक आलं तर आधी गिऱ्हाईक बघावं. भाव सांगताना "आमचे दादा वारले, म्हणून तुम्हाला कमी" असं चुकूनही म्हणू नये. उलट थोडा वाढवून सांगावा. तो जुना माल आता कुठं मिळत नाही.

याउपर काही लिहिण्यासारखं होतं, पण बाहेर नंदाबाई गाडी चालू करून बसली आहे. जाफराबादला दस्त नोंदवायचं कार्यालय जेवणाच्या सुट्टीआधी गाठायचं असं तिनं ठरवलंय. सर्जेराव आणि रामकिसन मागं बसलेत. हॉर्न वाजून राह्यला. म्हणून हे इथंच पुरं करतो. लिहिलेलं मी स्वतः वाचलं, मला मान्य आहे, आणि याआधीचं माझं कुठलंही मृत्युपत्र नाही. त्या वेळी मरायला सवड नव्हती.

लिहून देणार : भुजंग कडूबा फदाट (सही)

साक्षीदार :

१) रामकिसन, दलाल, जालना (सही). दलाली दोघांनी राजीखुशीनं दिली होती.

२) सर्जेराव, गिरणीवाले, टेंभुर्णी (सही). मजकूर ऐकला. चूक कोणाची ते सोडून बाकी सगळं बराबर आहे. दाजींनी एवढ्यात मरायची गडबड करू नये, पुढच्या महिन्यात लिलाव आहे.

ठिकाण : टेंभुर्णी, तालुका जाफराबाद
दिनांक : १२ फेब्रुवारी २००४