रोवणीतली स्वस्त तारीख

नूतनचे बाबा,

मी चेन्नईच्या गाडीनं गेली. तुमच्या मायले सोबत नेलं. फोन नाही केला. तुमी धानाच्या बांधीत होते, अन् मले पुन्हा "रोवणी सोडून कसा येऊ" ऐकायचं नव्हतं.

वर्षभर आधी बुक केलं तर जहाजाची सफर चाळीस टक्के स्वस्त पडते, हे तुमीच अख्ख्या सडक अर्जुनीले सांगत फिरले. मी बी बारा महिने माहेरी मिरवली. पण जुलैचीच तारीख काऊन घेतली? जन्मभर धान लावणारा माणूस रोवणी कवा असते ते विसरते का? तुमी विसरले नाही. जायचंच नव्हतं, म्हणून तीच तारीख शोधली.

तिकिटावरचं नाव बदलायची मुदत होती. मागच्याच महिन्यात तुमचं नाव काढून मायचं टाकलं. चाळीस वर्षं वाकून रोवणी केली तिनं. समुद्र पाहाले चाल म्हटलं, तर कायले म्हणून विचारलं बी नाही.

रोवणाऱ्या बायांचा चहा दहा वाजता तुमीच नेजा.

आगाऊ ठरवलं तर फायदा होते म्हणता ना? मग आताच सांगून ठेवते. पुढच्या रोवणीत मले धरू नका.

रविता