सावलीतलं पिल्लू

बाबा, आज ऑफिसात मी तुमच्या पद्धतीने फोटो वाचले. टांझानियातल्या त्याच अभयारण्याचे, विमानातून काढलेले. त्यातले हत्ती मोजायचा प्रोग्रॅम इंग्लंडमधल्या, बेसिंगस्टोकच्या आमच्या टीमसाठी मी लिहिला, आणि आकडे कालच क्लायंटला गेले होते.

तुम्ही हॉस्पिटलात एक्स-रे वाचायचात. कधी शनिवारी मला सोबत न्यायचात, उजेडाच्या पेटीवर फिल्म लावून म्हणायचात, "मधलं कुणालाही दिसतं. आधी कडा बघ." चौदाव्या वर्षी त्या जंगलात नेलंत तेव्हाही तेच. दोन दिवस जीप चालतेय, कुंपण नाही, विजेचा खांब नाही, आणि मी धुसफुसतेय. "सिंह कधी दिसणार?" "तो काय ओपीडीत बसलाय, नंबर लावून भेटायला?" मग कोरडी नदी लागली. हत्तिणी पायांनी वाळू उकरून पाणी काढत होत्या. झेब्रे मागे, आपली पाळी येईपर्यंत उभे. तुमचा आवाज एकदम खाली आला. "डावीकडची बघ. पोटाखाली, सावलीत. दिसलं पिल्लू?" मी म्हटलं, "दिसलं." तुम्ही ड्रायव्हरलासुद्धा सांगितलंत, "माय डॉटर. शार्प आइज." पुढे वर्षभर, म्हणजे तुम्ही होतात तोवर, घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते ऐकावं लागलं.

वरून ते जंगल आणखी मोठं दिसतं. हत्तींच्या वाटा कितीतरी मैलांवरून येऊन एकाच पाणवठ्याशी मिळतात. इतकी नेमकी आखणी मला जमली नसती. आज दुपारी एक फोटो कडेपासून वाचत आले, तर एका हत्तिणीच्या सावलीला बारीकसा फुगवटा. पुढच्या फोटोतही तसाच. माझा प्रोग्रॅम पिल्लांचे हे ठिपके सावलीचा भाग समजून पुसत होता. कळपच्या कळप पिल्लांशिवाय मोजले गेले होते. पिल्लं नाहीत म्हणजे कळप संपत चाललेत, असाच अर्थ क्लायंटने काढला असता. मॅनेजर म्हणाला, "आकडे तर गेलेत. आता हे चेक कोण करणार आहे?" मी म्हटलं, "मी केलंय." आकडे मागे घेतले. चूक माझी आहे, असं मेलमध्ये लिहिलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ड्रॉवरमध्येच राहील. पण आज एक चूक दुरुस्त केलीच आहे, तर दुसरीही सांगते. त्या दिवशी मला पिल्लू दिसलं नव्हतं. जीप लवकर पुढे निघावी म्हणून मी हो म्हटलं होतं.