मेल्यानंतरच्या खोलीत नात

सोमवार, ३ मे. सकाळी ९
नात आली. वय नऊ, मराठी शून्य. तिला सोडून निघताना लेक म्हणाली, आई, आपल्या घरातली मराठी तुझ्यापाशी संपली, मान्य कर. मुळीच नाही. माझ्याकडे बारा दिवस आहेत आणि मी लिहिलेलं नाटक आहे. अस्तित्ववादी. चौतीस पानं. तीन मेलेली माणसं एका खोलीत. खरं बोलल्याशिवाय दार उघडत नाही. नात द्वारपाल. तिला दीड पानाचं स्वगत. सहज होईल.

मंगळवार, ४ मे
वाचन. मेलेल्यांत मी, हे आणि शेजारचे दातांचे डॉक्टर. डॉक्टरांची शंका, मेल्यावर चष्मा चालेल का. नात गप्प. शेवटी मी ओरडले, मिठाची गुळणी धरलीस का? शी. हे माझ्या आईचं बोलणं. कॉन्व्हेंटमधून आले की मी घरी इंग्रजीच झाडायची, आणि आई ओट्याशी उभी राहून हेच विचारायची. अशाने का संस्कृती पोचते? संकल्प: आजपासून घरात फक्त उच्च विचार.

गुरुवार, ६ मे
स्वगत चार ओळींवर आणलं. आटोपशीर बरं दिसतं. मेल्यावर नाश्ता मिळतो का, असं नातीने इंग्रजीत विचारलं. मी शून्यता समजावली. इंग्रजीत, फक्त आजच्या दिवस. गुळणी दोनदा.

रविवार, ९ मे
आता एकच ओळ. एका ओळीत ताकद जास्त. हे तालमीत कोचावर झोपले. मेलेल्याने घोरू नये म्हटलं, तर म्हणे मी भूमिकेत होतो. गुळणी पाचदा. मोजणं बंद.

शुक्रवार, १४ मे. दुपारी
नातीने नुसतं दाराशी उभं राहायचं. मौन हीच सर्वांत जुनी भाषा, असं लेकीला फोनवर सांगितलं. बराच वेळ हसत होती.

शनिवार, १५ मे
प्रयोग. आमचाच हॉल, प्रेक्षक अकरा. माझं मोठं भाषण सुरू झालं: मी आयुष्यभर कुठल्या भाषेत जगले? आणि पुढचं सगळं गेलं. साफ. डॉक्टर छताकडे बघत होते, हे खरोखरच झोपले होते. तेवढ्यात नात दाराशी कमरेवर हात ठेवून म्हणाली,
"अगं आजी, बोल की. मिठाची गुळणी धरलीस का?"
तोच हेल. जिला तिने कधी पाहिलंही नाही, तिचा.
नाटकातलं काही आठवेना, म्हणून खरं तेच बोलले. "माझ्या आईशी मी मराठीत धड बोललेच नाही गं."
नातीने दार उघडलं. टाळ्या.

सोमवार, १७ मे
नात काल घरी गेली. लेकीचा फोन. जावई पेपरातून डोकं काढेनात, तेव्हा पोरीने त्यांनाही गुळणीचं विचारलं. मी म्हटलं, आणि माझ्या नाटकातलं काय आठवतंय? एक अक्षर नाही.
चौतीस पानं रद्दीत टाकणार होते. हे म्हणाले, मागची बाजू कोरी आहे, कशाला टाकतेस? तिथे आईची बोलणी आठवतील तशी लिहायला घेतली.
पहिलं पान नुसत्या ओरड्यानेच भरलं.