एकोणीस नंबरचा फोटो

सोमवार, ४ मार्च
चाळीस फोटो! आमच्या दातांच्या डॉक्टर मॅडमनी शाळाशाळांत जाऊन काढलेले. सगळी तेरा-चौदाची मुलं. म्हणाल्या, "काका, चेहरा किती छान वाटतो, तेवढंच सांगायचं. फोटोखालच्या रेघेवर खूण करा. डावं टोक म्हणजे अजिबात नाही, उजवं म्हणजे फारच छान." दातांना तारा लावताना डॉक्टरांची मोजमापं आणि साध्या माणसांची नजर जुळते का, ते बघायचंय त्यांना. मी दवाखान्यात नंबर पुकारणारा माणूस — मला काय कळतंय! तरी बसलो पेन्सिल घेऊन.

मंगळवार, ५ मार्च
अठरा झाले. एकालाही डावीकडे ढकलवत नाही.

बुधवार, ६ मार्च
एकोणीस नंबर. मुलगी. सुळा वर चढलेला, हनुवटी जरा आत. हसण्यात डावा डोळा बारीक झालाय — थेट आमच्या हिच्यासारखा! हिचा लग्नाआधीचा फोटो असाच आहे.

हात थांबला. चिमीची लेक तर नव्हे? तिला मुलगी झाल्याचं कानावर आलं होतं. एवढीच असेल आता. चिमीने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा मीच म्हणालो होतो, पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस. पंधरा वर्षं झाली. पोरगी माझीच, तितकीच हट्टी. आली नाही.

खूण उजव्या टोकाला केली. टोकाच्याही बाहेर गेली.

गुरुवार, ७ मार्च
मॅडमना खरं सांगून टाकलं. "ओळखीचा चेहरा असला तर ती खूण मोजता येत नाही, काका." खोडली त्यांनी. मी मुलीचं नाव विचारलं. "ते नाही सांगता येणार." बरोबरच आहे. मग हळूच म्हणाल्या, "ज्यांना तारा लागतील त्यांना बोलावणार आहे मी. एकोणीस नंबरला लागतील."

घरी येऊन हिला सांगितलं. भाजी चिरता चिरता थांबली. "सुळा कुठल्या बाजूचा?" म्हटलं, उजव्या. "माझाही तिकडचाच होता," म्हणाली, आणि कितीतरी वेळ चष्माच पुसत बसली.

शुक्रवार, १५ मार्च
दार वाजलं की मान वर होते. ही रोज विचारते, "काय?" मी म्हणतो, "काही नाही."

सोमवार, १८ मार्च
आल्या! दोघी मायलेकी. चिमीचे कानशिलाजवळचे केस पिकलेत. "बसा, नंबर लागेल," एवढंच म्हणालो — मूर्ख माणूस!

चिमी बसली नाही. म्हणाली, "बाबा, शाळेतून फोटोच्या परवानगीचा कागद आला होता. त्यावर या दवाखान्याचं नाव होतं. म्हणून तर सही केली."