रिठ्याचं बोट

ढाणकीजवळचं एक गाव,
ता. १४ मार्च १९५९

हुस्ना आपाले अन्सारचा सलाम. विमलताई, तुम्ही तिले वाचून दाखवता, म्हणून तुम्हालेही नमस्कार.

मी खुशाल आहे. आपा, तुझा खोकला कसा आहे? आर्णीच्या घराची कौलं फिरवली का? इकडे मोहाची फुलं पडून राह्यली, सारा रस्ता गोड वासाचा. नेरच्या बाजारात एक माकडवाला भेटलता. त्याचं माकड बिडी पेटवते! मी त्याच्यामागं किती गावं हिंडलो. पण ते राहू दे.

ढाणकीच्या बाजारात माझे पाण्याचे खेळ रंगले. भरल्या गिलासावर पुठ्ठा धरून गिलास उलटा केला, थेंब सांडला नाही. मग तुझी शिवणाची सुई पाण्यावर तरंगवली. लोकांले नुसती सुई कुठं पुरते? म्हणून ओरडलो, "खऱ्याच्या हातची तरंगते, खोट्याच्या हातची बुडते!" सगळे हसले. मारोतराव पाटील तेवढे हसले नाहीत.

त्यांनीच मले बैलबंडीत बसवून आपल्या गावी आणलं. जेवण चांगलं आहे, भाकरीवर तूप वाढतात. फक्त दारात त्यांचा गडी बसून आहे.

पाटलाचे दोन बैल मेले. म्हणे लालीबाईनं करणी केली. ती एकटी बाई, रिठ्यानं लोकांची लुगडी धुते. उद्या चावडीपुढं तिनं सुई पाण्यावर ठेवायची.

मी म्हटलं, "पाटील, हा तर खेळ आहे. पाण्याले सायीसारखी कातडी असते, सुई तिच्यावर निजते."

"मंग मेले ते बैलबी खेळच काय रे? माह्या हातची तरंगली, माह्या बायकोच्या हातची तरंगली. आता तिची पाहू."

चावडीपुढं काठ्या आणून ठेवल्या आहेत.

विमलताई, पुढचं हळू वाचा.

दुपारी लालीबाई पाटलीणबाईची लुगडी द्यायले अंगणात आली. मले म्हणाली, "बाबू, माही सुई नाही बुडणार. म्या कोणाचं वाईट केलं नाही." तिच्या नखांत रिठ्याचा फेस वाळलेला. आपा, असं बोट लागलं की पाण्याची कातडी फाटते, सुई दगडासारखी तळाले जाते.

म्हटलं, "उद्या हात चांगले धुऊन येजो."

ती हसली. "दिवसभर तेच करतो नं बाबू. रिठ्यानं धुवून येईन."

गडी आमच्याकडेच पाहून राह्यलता. पुढं बोलता आलं नाही.

तिच्या गाठोड्यातून एक रिठा पडला, तो मी खिशात टाकला. उद्या पहिला हात मी लावणार, बोटाले रिठा चोळून. माझी सुई बुडेल. मग त्याच पाण्यात पाटलाची बुडेल, पाटलीणबाईची बुडेल, लालीबाईची बुडेल. सारं गावच खोटं! लोक हसतील का काठ्या उचलतील, मले ठाऊक नाही. अन् माझी बुडाल्यावर कोणी "पाणी बदला" म्हटलं, तर माझ्याजवळ दुसरा खेळ नाही.

बांगडीवाली खातूनबी आर्णीले निघाली, तिच्या हाती हे देतो. शिवणाले दुसरी सुई घेजो.

भर चावडीत खोटा ठरायले निघालेला,
तुझा अन्सार